बाबांची घात

कोल्हापुरात घाम वाळत नाही, हे ह्यांच्या बदलीच्या हुकुमात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आम्ही अकोल्याचे. उन्हाळा या विषयात आम्हाला कोणी काही शिकवावं असं आम्हाला कधी वाटलंच नाही. खिडकीत कूलर, कूलरला वाळा, खिशात कांदा आणि झाडांना दोन वेळा भरपूर पाणी. एवढं केलं की माणसं आणि वांगी दोन्ही जगतात. म्हणून नव्वदच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये आम्ही पार खाली दक्षिणेला निघालो, तेव्हा ट्रकमध्ये पहिला चढला तो कूलर. गावात शिरताना नेमकी जोतिबाच्या यात्रेची गर्दी लागली आणि कूलरच्या वाळ्यात इतका गुलाल बसला, की पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात गुलाबी वारा वाहत होता. गुलाबी आणि ओला! हवा आधीच दमट, त्यात हा कूलर. पापड सादळले, काड्यापेटी पेटेना, अंथरूण तर कोणीतरी आत्ताच पिळून घातल्यासारखं लागायचं. आणि पारा बघावा तर अकोल्यापेक्षा कितीतरी खाली. त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं.

तक्रार बाबा करत. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे आम्ही निघाल्यावर ते अकोल्याच्या घरात एकटेच राहायचे, सकाळची पोळी रात्री लोणच्याशी खायचे आणि पत्रात मात्र 'मजेत आहे' असं लिहायचे. मला त्या पोळीचा फार त्रास व्हायचा. शेवटी आम्ही त्यांना भाजीपाल्याचं आमिष दाखवलं. कोल्हापूरची माती अशी, की काडी खोचली तरी पालवते, मागे एवढं मोठं परसू आहे, वगैरे. बाबांना परसबागेचा नाद. ते आले, ट्रंकेत कपडे कमी आणि बियांच्या पुड्या जास्त घेऊन आले. कोणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं: परसू लागलं तर बाबा राहणार, नाही लागलं तर परत त्या बंद घरात जाणार.

परसू लागेना. बाबा अकोल्याच्या हिशेबानं सकाळ-संध्याकाळ पाणी घालत. ते दुपारी झोपले की मी गुपचूप आणखी दोन बादल्या ओतत असे. (तेवढीच मदत, असं मला वाटायचं.) वांगी पिवळी पडली की मी तिसरी बादली आणायची.

हे सगळं भिंतीपलीकडून गौराक्का बघत होत्या. यजमानांचं धान्याचं दुकान, माहेर जयसिंगपूरकडचं आणि आवाज असा, की आमच्या घरी फोन नसता तरी चाललं असतं. त्या एकदा म्हणाल्या, "वैनी, पानी मारू नगासा. चार दिसात मान टाकत्यात बगा वांगी." वांग्यांनी टाकली. मग एकदा म्हणाल्या, वळीव येतोय, वाळवण काढा. आभाळ स्वच्छ होतं, म्हणून मी काढलं नाही. तासाभरात माझ्या कुरडया गटाराच्या वाटेला लागल्या होत्या. तेव्हापासून अक्कांचा शब्द मला देवळातल्या कौलासारखा वाटू लागला.

मे संपत आला आणि बाबांनी ट्रंक काढली. "इथं ऊनही ओलंच पडते, सूनबाई," ते म्हणाले. "मी वापस जातो." दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या गाडीचं तिकीट निघालं. अकोल्याला स्टेशनवर घ्यायला माझ्या नणंदेनं, शोभाताईंनी, यायचं ठरलं. मी बाबांच्या शर्टाला इस्त्री करता करता रडले, पण त्या हवेत घाम कुठला आणि डोळ्यांतलं पाणी कुठलं हे कोणाला कळलं नाही.

त्या संध्याकाळी वळीव धो धो पडला. सकाळी मी परसात गेले, तर भिंतीवर गौराक्का. माती बघत होत्या. बघता बघता खुशीत मान हलवली आणि म्हणाल्या, "वैनी, दुपारपातूर घात येतीया बगा. आज बाबास्नी जाऊ देऊ नगासा."

माझ्या हातातली बादली सुटली. घात हा शब्द मला एकाच अर्थानं ठाऊक होता. तो येतो की येते, पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, असल्या चौकशा करण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. वांग्यांचं खरं ठरलं, पावसाचं खरं ठरलं, आणि आता बाबा!

मी ह्यांना ऑफिसात फोन केला. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही असं हे ठणकावून म्हणाले आणि स्कूटरनं लगेच घरी आले. आल्याबरोबर त्यांनी कूलरचं बटण बंद करून वायर काढली आणि बाबांची खाट पंख्याखालून ओढून कोपऱ्यात नेली. मग पंखाही बंद केला. खिडक्या लावल्या. मी मीठ-मिरच्या घेऊन बाबांची दृष्ट काढली आणि त्या तव्यावर टाकल्या. बंद खोलीत मिरच्यांची धुरी कोंडली आणि बाबांना असा खोकला लागला, की हे माझ्या कानात म्हणाले, "सुरुवात झाली."

"काहून बे," बाबा घामाच्या धारांतून विचारत होते, "मले उकडून मारता का?"

आम्ही त्यांच्या दोन बाजूंना बसून राहिलो. इतक्यात दार वाजलं. बाहेर गौराक्का, हातात कुदळ.

हे दारात आडवे झाले. घात घरात येऊ देणार नाही, असं काहीतरी त्यांनी म्हटल्याचं मला आठवतं.

"घरात कशाला यील?" अक्का म्हणाल्या. "घात परसात आलीया. पेरायची न्हाय व्हय? ऊन चडलं की जातीया ती."

आम्ही तिघंही त्यांच्या मागून परसात गेलो. अक्कांनी मूठभर माती उचलली, दाबली आणि सोडली. माती चिखल न होता भुरभुर सुटली. बाबांनी ती हातात घेतली, वास घेतला, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. "अरे, म्हणजे वापसा!" ते म्हणाले. "पेरायची वेळ!"

त्यापुढे त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. इस्त्रीच्या शर्टातच ते मातीत बसले. अक्का ओळी काढत होत्या, बाबा गवार, भेंडी, दोडका टोकत होते, आणि मी भिंतीला टेकून नुसती बघत होते. फार दमले होते, पण इतकं हलकं मला त्या गावात आल्यापासून वाटलं नव्हतं.

एवढ्यात शोभाताईंची आठवण झाली. त्या उगाच स्टेशनवर हेलपाटा घालतील! मी एसटीडी लावला. मीटर पळत होतं, त्यामुळे थोडक्यात सांगणं भाग होतं, आणि तोंडात नवा कोल्हापुरी शब्द अगदी ताजा होता.

"ताई, स्टेशनवर जाऊ नका," मी म्हटलं. "बाबा आता येत नाहीत. दुपारीच घात आली."

पलीकडे शांतता. आनंदानं शब्द फुटत नसतील असं मी समजले.

"आम्ही सगळे जवळच होतो," मी पुढे म्हटलं. "शेजारचेही धावून आले. आत्ताच माती सारखी करून हात धुतले."

फोन कट झाला. लाइन गेली असेल म्हणून मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी दारात रिक्षा थांबली. पांढऱ्या साडीतल्या शोभाताई आणि त्यांना धरलेले त्यांचे यजमान उतरले. "बाबा!" असा टाहो फोडत त्या घरातून थेट परसात गेल्या. तिथे बाबा बनियनवर उकिडवे बसून गवारीच्या ओळीतले दगड वेचत होते.

"काहून रडतेस?" बाबांनी विचारलं. "कोण गेलं?"

शोभाताई खालीच बसल्या. बाबा त्यांच्या डोक्यावरून मातीचा हात फिरवत म्हणाले, "आता आलीच आहेस तर गवार लागेपर्यंत राह्य. मी तर राहतोच आहे."

भिंतीवर गौराक्का आल्या होत्या. "ह्यास्नी घात आली म्हणून कुनी सांगितलं वो?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोणाकडेच न बघता बादली उचलली आणि पेरलेल्या ओळीकडे वळले.

"वैनी," भिंतीवरून आवाज आला, "पानी नगं."