नेकनूरचा ढग चौसाळ्यात

आमच्या तात्यांनी एकदा भर दुष्काळात दिवसभर ढगाचा पाठलाग केला आणि ढगाने त्यांना साधी ओळखही दाखवली नाही.

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते आणि आमच्या भागातल्या दूध सोसायटीचे चेअरमन. दुष्काळाचं तिसरं वर्ष चालू होतं. गुरं छावणीत, विहिरी कोरड्या. सोसायटीच्या केंद्रावर येणारं दूध मात्र पूर्वी कधी नव्हतं इतकं घट्ट, कारण त्यात घालायला पाणीच उरलं नव्हतं. आणि महिन्यावर सोसायटीची निवडणूक. विरोधकांनी टँकर आणून दाखवला. तात्यांना टँकर मिळेना, म्हणून ते थेट ढगावर गेले.

झालं असं, की पुण्याकडून एक सफारी घातलेला एजंट आला. त्याच्याकडे पाऊस पाडायचे बाण होते. दिवाळीतल्या बाणाचेच भाऊ, पण मनगटाएवढे जाड. बाण ढगात जाऊन फुटतो, आतली पूड पसरते आणि मग ढगापुढे पडण्यावाचून इलाज राहत नाही, असं तो म्हणाला. तात्यांना हे फार पटलं, कारण सभासदांपुढेही ते इलाज ठेवत नसत. एजंटाने कोंबडीवर ताव मारला, दोन बाणांची लाकडी पेटी, एक लोखंडी नळी आणि माहितीचा कागद आमच्या ओसरीत ठेवला, "सोमवारी प्रात्यक्षिकाला येतो" म्हणाला आणि गेला. त्याचा सोमवार अजून उगवायचा आहे.

मग बाण उडवायचा कुणी? तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी बीडच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालो होतो. (तिसऱ्या खेपेला. पण ही बातमी आम्ही घराबाहेर जाऊ दिली नव्हती.) नोकरी नव्हती, त्यामुळे दिवसभर मी विज्ञानाला मोकळाच होतो.

"ह्यो आपला सायंटिस," तात्या ड्रायव्हरला म्हणाले. "ह्याला म्होरं बसव."

ड्रायव्हर म्हणजे गफूरभाई. सोसायटीची जीप आणि गफूरभाई, दोघंही एकाच वयाचे आणि दोघंही चढावर खोकणारे. आम्ही निघणार तेवढ्यात काकू, म्हणजे तात्यांची बायको, हातात कुरडयांची पिशवी घेऊन जीपमध्ये येऊन बसली.

"तू कुठं?" तात्या म्हणाले.

"नेकनूरकडं जायलाव न्हवं? मला भावाकडं सोडा. तीन वर्सं झाले, माहेरी गेले न्हाई."

तात्या नको म्हणणार होते, पण त्यांच्या डोक्यात मतांचा हिशेब चमकला. काकूचा भाऊ दिगंबरमामा नेकनूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर राहायचा. त्याने मान हलवली की सगळी वस्ती मान हलवायची. मेहुण्याच्या वस्तीवर पाऊस पाडला तर निवडणूक खिशात! तात्यांनी लगेच बायकोला पेटीवर पाय ठेवायची परवानगी दिली.

पहिला ढग आम्हाला लिंबागणेशवर दिसला. चांगला म्हशीएवढा काळा. तात्या म्हणाले, आधी गणपतीला नारळ फोडू. आम्ही देवळात गेलो, नारळ फोडला, तात्यांनी पुजाऱ्याला आपल्या कार्याची माहिती दिली, मग निवडणुकीची दिली, आणि आम्ही बाहेर येतो तो पाऊस सुरू झालेला. टपोरे थेंब, दहा मिनिटं. गाव रस्त्यावर येऊन भिजत होतं. पेटी उघडलेलीसुद्धा नव्हती.

असल्या प्रसंगी माणसाला आनंद होतो. तात्यांचा चेहरा पडला.

"जरा दम काढला असता तर काय बिघडलं असतं?" ते आभाळाकडे बघत म्हणाले. पाऊस आपल्या परवानगीशिवाय पडतो हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मांजरसुंब्याच्या अलीकडे जीप तापली. "चेअरमनसाब, गाडी को पानी होना," गफूरभाई म्हणाला. दुष्काळात गाडीला पाणी कोण देणार? शेवटी आमचा प्यायचा कॅन त्याने रेडिएटरमध्ये ओतला. अशा रीतीने, लोकांना पाणी द्यायला निघालेले आम्ही चौघं, घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत दुपारी मामाच्या वस्तीवर पोचलो.

तिथे मात्र ढग खरंच वाट बघत होता. लिंबागणेशच्या ढगाच्या बापासारखा. वारा पडला होता, आभाळ खाली आलं होतं. वस्तीतल्या बायकांनी घराघरांपुढे भांडी मांडली होती. घागरी, पातेली, बादल्या. एका म्हातारीने कणीक मळायची परातसुद्धा आणून ठेवली होती आणि तिच्याशेजारी ती हात जोडून बसली होती.

खरं तर आम्ही काकूला उतरवून गुपचूप निघून गेलो असतो, तरी पाऊस पडला असता. पण समोर पन्नास माणसं आणि ती सगळी गप्प! तात्यांना असा श्रोतृवर्ग कुठे मिळायचा?

"बंधू-भगिनींनो," ते जीपच्या बॉनेटवर चढून म्हणाले, "ढग आला हाय, पण नुसता येऊन भागत न्हाई. त्याला कामाला लावावं लागतं."

मी नळी जमिनीत रोवली, पहिला बाण घातला आणि वात पेटवली. वात सुरसुरली, माझ्याकडे एकदा बघितल्यासारखं केलं आणि विझली. मी माहितीचा कागद काढला. तो सगळा इंग्रजीत होता आणि नेमक्या वातीच्या परिच्छेदावर एजंटाच्या कोंबडीचा रस्सा सांडला होता.

"सायंटिस, काय अडलं बे?" तात्या.

"काही नाही. हा चाचणीचा होता."

तो काढून दुसरा बाण घातला. वात पेटवली, मागे पळालो, आणि पळताना माझा पाय नळीला लागला. नळी आडवी झाली. बाण सुटला तो जमिनीपासून दोन हातांवरून, ज्वारीच्या धसकटांवरून सरळ गेला आणि पलीकडच्या कोरड्या ओढ्यात जाऊन बडाम करून फुटला. हे फक्त मी पाहिलं. कारण बाकी सगळी वस्ती, तात्यांच्या सूचनेवरून, माना वर करून आभाळाकडे बघत होती.

त्यांनी फक्त आवाज ऐकला. आणि आवाजानंतर, कसा कोण जाणे, वारा सुटला. ढग हलला. आधी कडेने, मग मधून, मग सगळाच्या सगळा दक्षिणेकडे सरकू लागला. पाच मिनिटांत वस्तीवर लख्ख ऊन पडलं. रिकामी भांडी चमकायला लागली. ती उचलायला कुणी उठलं नाही.

भिवाबा नावाचा एक म्हातारा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता. तो सावकाश म्हणाला, "फोडला."

बस्स, एवढा एकच शब्द. पण तो वस्तीभर पसरला. ह्यांनी ढग फोडला. ऐन पडायच्या टायमाला फोडला. पोरांनी जीपच्या चाकांपुढे दगड लावले.

दिगंबरमामा पुढे आला. शांत माणूस, त्यामुळे जास्त भीती वाटली. "दाजी," तो म्हणाला, "तीन वर्सांनी आलता, पाव्हणचार केला असता. आमचा ढग कावून घालवला?"

मी तात्यांना बाजूला घेतलं. "तात्या, बाण वर गेलाच नाही. ओढ्यात फुटला. सांगून टाकू आणि सुटू."

तात्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला माझ्या तिन्ही खेपा आठवल्या. "चूप बस. बाण गेला न्हाई म्हणलं तर चेअरमनचा बाण फुसका. गेला म्हणलं तर ढग फोडला. फोडला तेच बरं. त्यात निदान ताकद दिसती."

आणि हा माणूस आमच्या सोसायटीचा कारभार बघत होता!

शेवटी मामाने तोडगा काढला. जीप घ्यायची आणि ढगाच्या मागे जायचं. ढग पुढे कुठे पडला तर तो आमच्या बाणाने हुसकलेला, म्हणजे गुन्हा शाबीत. कुठेच पडला नाही, तर तो मुळातच वांझोटा, म्हणजे तात्या निर्दोष. साक्षीदार म्हणून मामा आणि भिवाबा जीपमध्ये बसले. काकू माहेरी उतरायची, ती कुरडयांची पिशवी घेऊन परत चढली, पण या खेपेला भावाच्या शेजारी.

ढग चौसाळ्याकडे निघाला होता. आम्ही गाडीवाटेने त्याच्या मागे. इतिहासात लोक पाऊस यावा म्हणून धावले असतील. पाऊस पडू नये म्हणून ढगामागे जीप पळवणारे चेअरमन आमचेच. तात्या पुढे बसून पुटपुटत होते, "पडू नको, पडू नको."

मागच्या बाकावर मी मामाला हळूच खरं सांगितलं. नळीला पाय लागला, बाण आडवा गेला, ओढ्यात फुटला. मामा माझ्याकडे वळला.

"तात्या कावून सांगंना गेले?"

"त्यांना लाज वाटते."

भिवाबा म्हणाला, "मला बी वास आलता दारूचा, ओढ्याकडूनच." (फटाक्याची दारू. त्याला वारा, वास आणि माणसं यातलं सगळं कळायचं.)

मामाने सुस्कारा सोडला. "तू शिकलेला हायस. खोटं कशाला बोलशील? मी वस्तीला सांगतो, दाजींचा कसूर न्हाई. मतं कुठं जायची न्हाईत."

काकूने मला पिशवीतली एक कच्ची कुरडई दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं बिघडलेलं काम नीट केलं होतं. मी कुरडई चघळत बसलो.

चौसाळा कोसभर राहिलं आणि ढग कोसळला. पाऊस नव्हे, आधी गारा. जीपच्या ताडपत्रीला पुढच्या बाजूला भोक होतं आणि त्याच्या बरोबर खाली चेअरमन होते. दिवसभरात एवढा अचूक नेम कुणाचा लागला नव्हता. काकूने बाणांच्या पेटीचं झाकण डोक्यावर धरलं. नवऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

गावाच्या तोंडाशी जीप चिखलात रुतली. बाजारातली माणसं भिजत, नाचत, ओरडत आली आणि त्यांनी जीप उचलूनच बाहेर काढली. एकाने नळी पाहिली. "हे काय हाय?"

आता गफूरभाईने गप्प बसायला काय हरकत होती? पण सकाळपासून उपाशी माणूस, त्याला वाटलं चहा तरी मिळेल. "बारिश पाडने का मशीन है," तो म्हणाला. "ये चेअरमनसाब. इनोच पाडे."

पुढचं फार झपाट्याने झालं. समोरच्या मांडवात कुणाचं तरी लग्न पावसाने थांबलं होतं. तिथून सोयऱ्यांच्या मानाचा एक हार आला. तात्यांनी हार पाहिला मात्र, त्यांची मान आपोआप खाली गेली, जशी बैलाची जू बघून जाते. शेजारी मेहुणा साक्षीदार म्हणून उभा आहे, हा हार म्हणजे कबुलीजबाब आहे, चौसाळ्यात आमच्या सोसायटीचा एकही सभासद नाही, यातलं काहीही त्या मानेला ठाऊक नव्हतं. मी मनात म्हटलं, काय माणूस आहे हा! एका हारासाठी विकला गेला. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच खूण केली: मी सांगितलं तेच खरं. मामानेही मान डोलावली. अजून सगळं सावरलेलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी विचारलं, "बाण सोडला कुणी?"

"ये सायंटिस साब," गफूरभाई म्हणाला.

मांडवातून दुसरा हार आला. कुणीतरी माझ्यापुढे धरला. "साहेब, नेम लई भारी तुमचा," तो म्हणाला. मला नाही म्हणायचं होतं. शब्दही तयार होते. पण त्या शब्दांसाठी तोंड उघडायच्या आधी मान वाकली. हार गळ्यात पडला. टाळ्या वाजल्या. मी हातसुद्धा जोडले.

वर बघितलं तर मामा पाठ फिरवून चालायला लागला होता. "बाबा, चल," तो भिवाबाला म्हणाला. "यष्टीनं जाऊ." काकू पिशवी घेऊन त्याच्या मागे निघाली. माहेरपण तिला अखेर मिळालं आणि ते चांगलं दोन महिने टिकलं.

निवडणुकीत तात्या पडले. वस्तीचं एकही मत मिळालं नाही. निकालाच्या दिवशी आम्ही दोघंच ओसरीवर बसलो होतो. मग तात्या म्हणाले, "माझं एक ठीक हाय. मी पुढारी माणूस. हार दिसला की मान वाकवायची मला सवय हाय. तुला काय झालतं बे?"

मी काय सांगणार? हार झेंडूचा होता, ताजा होता, आणि तोवरच्या आयुष्यात माझ्या गळ्यात टॉवेलाशिवाय दुसरं काही पडलं नव्हतं.