हाताच्या मापाचा दांडा

ओंकार आणि ईशा,

आबा गेले त्या सकाळी मी तुमच्याकडे फोन लावला तेव्हा इथे सव्वासात वाजले होते, म्हणजे तुमच्या पर्थला पावणेदहा. वार रविवार. आबांचा फोन दर रविवारी याच सुमारास यायचा, त्यामुळे तुमच्या बाबांनी उचलला तो हसतच. मी सांगितलं, आबा झोपेतच गेले. तेवढ्यात मागून ओंकारचा आवाज आला, ‘आबा आहेत का? द्या ना इकडे.’ ते वाक्य गेले सहा आठवडे माझ्या कानांतून जात नाही. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. अडेल तिथे बाबांना विचारा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण आबांची एक गोष्ट मला ते गेल्यावर कळली आणि ती तुमच्यापर्यंत पोचायला हवी.

आबा तीस वर्षं युसूफ वडगावजवळच्या धरणावरच्या मच्छीमार सहकारी सोसायटीचे सेक्रेटरी होते. आपलं घर लिंगायत, घरात मासळी कधी शिजली नाही, आणि आबांनी जन्मात मासा चाखला नाही. तरीही कुठल्या महिन्यात माशाचं कुठलं बोटुकलं, म्हणजे बोटभर पिल्लू, पाण्यात सोडायचं, जाळ्याचा डोळा केवढा हवा, हे त्यांना तोंडपाठ होतं. सोसायटीचे सगळ्यांत जुने सभासद किसनमामा भोई त्यांना तोंडावर म्हणायचे, ‘सेक्रेटरी, माशाला हात लावीत न्हाईत अन् आमाला पोहायला शिकवितेत.’ आबा म्हणायचे, ‘अरे, दाई काय दर वेळी स्वतः बाळंत होते का?’ अशी दोघांची जोडी.

ओंकार, तू चौदा वर्षांचा झालास तेव्हा तुला बाबांनी कयाक, ती अरुंद होडी, घेऊन दिली. तू फोनवर सहज विचारलंस, ‘आबा, तुम्ही माशांचे साहेब ना? मग समुद्रात मासे धरायला कुठला रॉड घेऊ?’ तू गंमत केलीस. आबांनी ती गंमत म्हणून घेतलीच नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, ‘मास्तरीणबाई, पोरानं पहिल्यांदा आपल्याला कामाचं काही विचारलंय.’ तुम्ही दोघं परदेशात जन्मलात. आबांना तुमच्या अभ्यासातलं, खेळातलं काही कळत नसे आणि त्याची त्यांना फार लाज वाटे. ही एकच गोष्ट त्यांच्या हातातली होती. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी धरलं की ही गळाची काठी आपण निवडायची आणि आपल्या हातानं तुझ्या हातात द्यायची.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. धरण तळापर्यंत आटलं होतं, सोसायटीचे निम्मे सभासद ऊसतोडीला जाऊन परतले होते आणि परतून करायला काम नव्हतं. मी शाळेतून निवृत्त झालेले. केजहून इंग्रजी लेखांच्या छापील प्रती आणायच्या आणि ओसरीवर बसून मराठीत सांगायच्या, हे माझं काम. आबा ऐकत, किसनमामा शंका काढत. मी वाचलं की कयाकमध्ये माणूस पाय लांब करून पाण्याच्या अगदी लगत बसतो. किसनमामा म्हणाले, ‘म्हंजी आपला थर्माकोलचा तराफाच की, बाई. फकस्त रंगीत.’

मग दुसऱ्या दिवशी हे दोघे सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ बांबूच्या तीन काठ्या घेऊन धरणात गेले. धरणात म्हणजे भेगाळलेल्या चिखलात. किसनमामांचा तराफा तिथेच कोरडा पडून होता. त्यावर आबा पाय पसरून बसले, एकेक काठी हातात धरून हवेत गळ फेकू लागले आणि मामा सुतळीचं टोक धरून मासा झाले. कधी या बाजूला पळायचे, कधी त्या. टँकरची वाट बघत बसलेल्या बायका काठावरून बघत होत्या. एक म्हणाली, ‘सेक्रेटरी, तितं काय घावायचं न्हाई. ढेकूळ लागंल गळाला.’ आबा तिथूनच म्हणाले, ‘ढेकूळ लागलं तर तुझ्या घरी पाठवतो, चूल लिंप.’ मी छत्री घेऊन उभी होते. मला हसू येत होतं, आणि आता लिहिताना तेच आठवून लिहिणं थांबतंय...

पण त्या खेळातून उत्तर निघालं. दहा फुटी काठीनं मासा हातापर्यंत ओढता येईना, टोक दूरच राही. पाच फुटी काठी घेतली तर मासा तराफ्याच्या पुढून दुसऱ्या बाजूला पळाला की सुतळी कडेला घासे. मामा म्हणाले, ‘काठीचं टोक म्होरून वळलं पायजे. न्हाईतर दोर तुटला म्हणून समजा.’ सात फुटी काठीचं टोक बरोबर पुढून वळत होतं. सात फूट ठरलं. पुढे मी मोठमोठ्या मच्छीमारांचे लेख वाचले, तेही सातच्या आसपासच येतात.

रिळाचा, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चाकाचा, प्रश्न वेगळा होता. गोड्या पाण्यातलं रीळ समुद्रात टिकत नाही, मीठ आतून खातं. म्हणून आत पाणी न शिरणारं, बंद अंगाचं हवं, आणि दर खेपेनंतर गोड्या पाण्यानं हलकेच धुवायला हवं. हे मी वाचून दाखवलं. मग मामा म्हणाले, ‘गोड्या पाण्यानं? यंत्राला?’ आबांनी पुढच्या रविवारी तुला पहिला प्रश्न काय विचारला आठवतं? ‘तुमच्या नळाला रोज पाणी असतं ना रे?’ तू म्हणालास, चोवीस तास असतं. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पाऊस झाल्यावर आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. दुकानात आबा सरळ फरशीवर पाय पसरून बसले आणि म्हणाले, आता एकेक काठी द्या. दुकानदारानं विचारलं, ‘काका, कुठल्या समुद्रावर जाणार?’ आबा म्हणाले, ‘केज तालुक्यात.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. सातव्या काठीवर आबा थांबले. टोकाला लवचीक, कमरेत ताकद, दोन तुकड्यांत सुटणारी. रीळ मध्यम आकाराचं, फिरवलं की लोण्यातून गेल्यासारखं. खोट एकच होती, मुठीखालचा दांडा जरा लांब होता, बसल्यावर पोटाला टोचायचा. दुकानदार म्हणाला, सवय होते. आबांना ते पटेना. आपल्याकडे कुऱ्हाड असो की खुरपं, दांडा माणसाच्या हाताच्या मापाचा लागतो. दुसऱ्याच्या मापाचा दांडा हात सोलून काढतो. कारखान्यातून आलेली काठी कुणी कापत नाही, पण आबांनी ठरवलं की मनगटापासून कोपरापर्यंत ओंकारचा हात जेवढा, तेवढाच दांडा ठेवायचा. त्या दिवाळीला त्यांनी तुझं माप मागितलं. तू नऊ इंच सांगितलंस. आबांनी दांड्यावर पेन्सिलीनं रेघ मारली, करवत काढली आणि पुन्हा खुंटीला अडकवली. म्हणाले, ‘हात वाढतोय अजून. आत्ताच कापायला नको.’

तेव्हापासून दर दिवाळीला तेच. रेंज येत नाही म्हणून फोन घेऊन अंगणात जायचे, माप विचारायचे, आत येऊन रेघ मारायचे आणि म्हणायचे, ‘हात वाढतोय अजून.’ तुम्ही इकडे यायचं ठरवत होतात, पण एका वर्षी तुझी परीक्षा आली, मग साथीत विमानं बंद झाली, मग काढलेली तिकिटं बाबांच्या नोकरीमुळे परत करावी लागली. यात तुमचा काहीच दोष नव्हता, हे मी आबांच्या वतीनंही लिहिते. बाबा दोनदा म्हणाले, कुरियरनं पाठवा, इथे कापून घेऊ. आबा म्हणाले, ‘दांडा हातात धरायला देऊन मग कापायचा असतो. तू शिकलास, तुला काय कळणार.’ दर रविवारी तुमच्याशी बोलून झालं की काठी भिंतीवरून काढायची, वंगण आळू नये म्हणून रिळाची मूठ पन्नास वेळा फिरवायची, मग रिळाचा ब्रेक सैल करून ठेवायची. ब्रेक आवळून ठेवला तर आतल्या चकत्या दबतात, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. समुद्र न बघितलेलं ते रीळ सात वर्षं आमच्या घरात किर्रर्र वाजत राहिलं.

आबांना शेतात समाधी दिली. किसनमामा काठी टेकत आले, मूठभर माती टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बाई, माझा मासा हुकला.’ तुमचे बाबा तेरा दिवस राहिले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी काठी खाली काढली, सोडून पाहिली, लांब बॅगेत बसत होती. मीच म्हटलं, आता कापूनच देऊ, आबांचं एवढं काम तरी पुरं होऊ दे. सुताराला निरोप धाडला आणि माप विचारायला तुला फोन लावला, ओंकार. तू म्हणालास, ‘आजी, साडेदहा इंच.’ मग म्हणालास, ‘आबांना माहीत होतं. तीन दिवाळ्या झाल्या, माप वाढलंच नाही.’

मी चष्मा लावून दांडा उजेडात धरला. रेघा चारच होत्या. नऊ, साडेनऊ, दहा, साडेदहा. दिवाळ्या सात झाल्या होत्या. शेवटची रेघ बाकीच्यांपेक्षा जाड होती, एकावर एक गिरवलेली, पेन्सिल दांड्यात रुतेपर्यंत... हात वाढायचा केव्हाच थांबला होता. माप पहिल्यांदा वाढलं नाही त्याच वर्षी आबांना ते कळलं होतं. पण दांडा कापला असता तर काठी तयार झाली असती, तयार काठी कुरियरनं गेली असती, आणि मग तुला इकडे यायचं कारण उरलं नसतं. म्हणून अंगणातून आत येऊन ते तीन वर्षं मला खोटं सांगत राहिले आणि त्याच जागी रेघ मारत राहिले. मी चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, आणि घरातल्या भिंतीवरच्या दांड्याची ही एक रेघ मला वाचता आली नाही.

सुतार आला त्याला चहा देऊन परत पाठवलं. बाबांना काठी दिली नाही, त्यांनीही पुन्हा मागितली नाही. ती आहे तिथेच आहे, करवत शेजारच्या खुंटीला आहे. आता रविवारी सकाळी फोन मी करते. झाला की काठी खाली घेते आणि मूठ पन्नास वेळा फिरवते. तिसाव्या वेळेला हात भरून येतो, मग जरा थांबते, पुन्हा सुरू करते. शेवटी ब्रेक सैल करते.

दांडा कापलेला नाही, ओंकार.

तुमची,
आजी