निवडीच्या सकाळचं दूध

आमच्या गावात दूध डेअरीत जायचं, पोटात नाही. हे आधीच सांगून ठेवते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात जनावरं गेली, माणसांनी खडी फोडली, त्यानंतर हळूहळू म्हशी आल्या आणि म्हशींच्या मागोमाग दूध सोसायटी आली. सकाळ-संध्याकाळ बाया चरव्या घेऊन रांगेत. धार काढली की दूध चुलीकडे वळायचंच नाही. म्हशीवाल्यांची पोरंसुद्धा कोरा चहा पिऊन शाळेत यायची, मग आमच्या बिनम्हशीच्या घराचं काय सांगावं.

डेअरीत माप घ्यायला माझे मिस्टर बसायचे. आम्ही बौद्ध. गावाच्या दुधाला आमचा हात लागणार म्हटल्यावर सुरुवातीला बरीच कुजबुज झाली होती. सोसायटीच्या चेअरमननी ती एका वाक्यात बंद केली. "डेअरीत फॅट बघत्यात, जात न्हाय." त्या दिवसापासून मिस्टर त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. मापावर बसताना ते धुतलेला सदरा घालायचे. मोठ्या घरची एखादी बाई चरवी पुढं करून "दुधाची डिग्री नीट बघा बरं" म्हणाली की आणखी ताठ बसायचे. मला ते बघायला फार आवडायचं. शाळा सुटल्यावर मी मुद्दाम डेअरीवरून वळसा घालून घरी यायची.

मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. शाळा सातवीपर्यंत. आमची मुलगी माझ्याच वर्गात शिकली, पण पळणं तिला मी शिकवलं नाही. ते टँकरनं शिकवलं. विहिरी उन्हाळ्याआधीच तळाला जायच्या, आणि टँकर आला की सगळं गाव घागरी घेऊन त्याच्यावर तुटून पडायचं. ही काडीपैलवान पोरगी कुणाच्या कोपराखालून, कुणाच्या कमरेला वळसा घालून, थेट पाइपाशी जाऊन उभी राहायची. तिला धरायला हात पुढं आला की ती तिथं नसायची. बाया मला म्हणायच्या, "बाई, तुमची पोर हाय का मासोळी?" मी वरवर रागवायची. पाणी मात्र घरात सगळ्यांच्या आधी यायचं.

सातवीला असताना आमच्या पोरींचा खो-खोचा संघ बेंबळीला सामन्यांना गेला. संघ हरला. पण धाराशिवच्या एका शाळेच्या खेळाच्या बाई तिथं होत्या, त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या शाळेत मुलींचा खो-खो सकाळ-संध्याकाळ चालायचा, मोठं मैदान होतं, शेजारी मुलींचं वसतिगृह होतं. "मे महिन्यात निवड असते. निवड झाली तर वसतिगृहात जागा मिळेल," त्या म्हणाल्या. "नाही झाली तर मी काही करू शकणार नाही, हे आत्ताच सांगते." मला ही बाई आवडली. गोड बोलणारी माणसं मला आधीपासून झेपत नाहीत.

आता अडचण अशी की त्याच वर्षी गावात हायस्कूल निघायचं होतं. काढणार चेअरमनच. सोसायटीचं जुनं गोदाम रंगवून तिथं आठवीचा वर्ग भरायचा होता. मैदान म्हणाल तर मागं उकिरडा. पण गावात आठवी येणार याचा मला आनंदच होता, कारण सातवीनंतर पोरींना घरी बसवू नका म्हणून दारोदार फिरणारी मीच होते.

एका सकाळी चेअरमन आमच्या अंगणात येऊन खाटेवर बसले. चहा मागून घेतला. मिस्टर उभेच.

"बाई, पट भरंना झालाय," चेअरमन म्हणाले. "पोरांचं व्हईल. पोरींचं न्हाय. ज्या घरी जातो तिथं आया एकच इचारत्यात, बाईची पोरगी कुठं जानार? ती आपल्या शाळंत बसली तर तिच्यामागं पोरी येत्याल. ती धाराशिवला गेली तर समद्या घरी. पटलं तर बघा."

मी म्हटलं, "मैदान कुठंय तुमच्याकडं?"

"करू की मैदान. दोन वर्षांत करू."

"दोन वर्षांत ती दहावीला जाईल."

ते हसले. मग मिस्टरांकडं बघून म्हणाले, "तुजं काय मत हाय?"

मिस्टरांनी चेअरमनचा रिकामा कप उचलून आत नेऊन ठेवला.

चेअरमन खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. खोटं बोलत असते तर मी त्यांना तिथंच सुनावलं असतं. पण बारा वर्षांच्या एका पोरीच्या पायांवर अख्ख्या गावाची शाळा उभी करायची, ही कुठली रीत? आणि तिचे ते पाय उकिरड्याशेजारी दोन वर्षं बसवून ठेवायचे? मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. वर्गात फळ्यावर गणित अर्धंच टाकून उभी राहायची.

मिस्टरांना विचारलं की ते म्हणायचे, "बघू." भाकरी वाढताना विचारलं, बघू. पाणी भरताना विचारलं, बघू. मला वाटायला लागलं की हा माणूस घाबरलाय. त्याला ते माप, तो धुतलेला सदरा, ती रांग सोडवत नाही. शेवटी मी सांगून टाकलं, "तुम्ही येऊ नका. मी एकटी घेऊन जाते निवडीला." त्यावरही ते म्हणाले, "बघू."

मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये बसून हे ऐकायची. एकदाच तिनं मला विचारलं, "आई, म्या गेले तर अण्णाचं काम जाईल?" मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?" तर म्हणाली, "टँकरपाशी बाया बोलत होत्या."

निवडीच्या दिवशी मी वेण्या घालून दिल्या, वरून घट्ट बांधल्या. पहिली एसटी गाठायची होती. मिस्टर पहाटेच डेअरीत गेले होते. ते परत येणार नाहीत असं धरूनच मी चाललेले. तर हे दारात हजर. धुतलेला सदरा, आणि हातात तांब्या. तांब्यात म्हशीचं दूध, काठोकाठ, गूळ घालून तापवलेलं. कुणाकडून मागून आणलं ते सांगितलं नाही. पोरीच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाले, "समदं पी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात तिनं एवढं दूध एकदम कधी पाहिलंही नव्हतं, मग पिणं तर लांबच. पण बापानं स्वतः आणून दिलं म्हटल्यावर तिनं डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. मिस्टरही आमच्याबरोबर एसटीत चढले. रस्ता कसला, नुसते खड्डे. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, भीतीनं असेल.

मैदानावर ऊन तापलं होतं. लांबलांबून पोरी आल्या होत्या, तुळजापूरच्या, भूमकडच्या ईट गावच्यासुद्धा. काहींच्या पायांत बूट होते. आमची अनवाणी. तिला पाठलाग करायला घेतलं. पहिला खो मिळाला आणि तिनं उठता उठताच एकीला बाद केलं. मी मिस्टरांच्या दंडाला धरलं. दुसऱ्या वेळी ती खांबापर्यंत पळाली, खांबाला धरून वळली आणि तिथंच वाकली. सगळं दूध मैदानात.

खेळाच्या बाईंनी शिट्टी मारली. पोरी नाकाला रुमाल लावून बाजूला झाल्या. बाईंनी हातानंच खूण केली, तू बाहेर बस. तिच्या चौकोनात दुसरी पोरगी जाऊन बसलीसुद्धा.

माझं डोकंच फिरलं. मी मिस्टरांकडं वळले आणि हळू, पण अगदी दात खाऊन विचारलं, "चेअरमननी सांगितलं होतं का तुम्हाला, हे असं करा म्हणून?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं होतं चिडतील, नाही म्हणतील. ते सरळ चालू लागले. मैदानाच्या कडेला नळ होता, तिथं जाऊन त्यांनी ओंजळीत पाणी धरलं, पण पोरीपर्यंत पोचेपर्यंत ते गळून गेलं. मग परत गेले आणि टोपी काढून त्यातच पाणी आणलं.

ती चूळ भरून उठली. पायानं माती ओढून त्या जागेवर टाकली, नीट झाकली, आणि सरळ बाईंपुढं जाऊन उभी राहिली.

"बाई, माजा पळायचा डाव ऱ्हायलाय."

"तुला बरं नाहीये. बस जा."

"न्हाय बसनार."

आमच्या घरात हा स्वभाव कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंनी एक क्षण तिच्याकडं बघितलं आणि तिला आत सोडलं. आता तिनं चुकवायचं होतं, बाकीच्यांनी धरायचं. ती पांढरीफटक पडली होती. पण पहिला हात पुढं आला आणि मला आमचा टँकर दिसायला लागला. कोपराखालून, कमरेला वळसा घालून, दोघींच्या मधल्या फटीतून. बूटवाल्या पोरी दमून गेल्या. शेवटची शिट्टी झाली तेव्हा ती अजून बाद झालेली नव्हती, नुसती खांबाला टेकून धापा टाकत होती.

बाई आमच्याकडं आल्या. "सकाळी काय दिलं होतं हिला?"

"दूध," मी म्हटलं.

"रोज पिते?"

"न्हाय," मुलगीच बोलली. "आज पैल्यांदा."

"कुणी पाजलं?"

मिस्टरांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. ओली टोपी दुसऱ्या हातात.

"परत पाजू नका," बाई म्हणाल्या. "आणि जूनमध्ये पोरगी आणून सोडा."

परतीच्या एसटीत मी मिस्टरांची ओली टोपी खिडकीशी वाळत धरली. निवड झाली होती, पण चेअरमनना सांगायचं अजून राहिलंच होतं, आणि ते कोण सांगणार याची मला काळजी नव्हती. मीच सांगणार होते. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीत पोचले तेव्हा रांग लागलेली होती. चेअरमन खुर्चीवर बसलेले. मी तोंड उघडायच्या आत मिस्टरांनी हातातलं माप खाली ठेवलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सायेब, पोरगी धाराशिवला चालली. म्या सोडून येनार हाय." चेअरमननी मान हलवली. "बरं," एवढंच म्हणाले. मिस्टरांनी माप उचललं आणि पुढच्या बाईची चरवी हातात घेतली.

जूनमध्ये मिस्टर पोरीला सोडून आले, त्याच आठवड्यात मापावर चेअरमनचा पुतण्या बसला. मिस्टरांना कामावरून काढलं नाही, कॅन उचलायला लावलं. दुधानं भरलेले कॅन डेअरीपासून सडकेपर्यंत न्यायचे, तिथं गाडी यायची. धुतलेला सदरा खुंटीवर राहिला. गोदामातल्या आठवीत पोरींचा बाक कितीतरी दिवस अर्धाच भरायचा. मी तेव्हाही दारोदार फिरत होते, आणि आया मला दारातच विचारायच्या, "तुमची कुठं हाय आता?"

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी आली. अंगानं भरली होती, पायांत बूट होते. एसटीतून सडकेवर उतरली तर समोर बाप, खांद्यावर कॅन. मी तिला घ्यायला आले होते, त्यामुळं हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिनं विचारलं, "अण्णा, हे कधीपास्नं?"

"तू गेल्यापास्नं," ते हसून म्हणाले. "म्हटलं, घरात एकटीनंच का व्यायाम करावा?"

ती हसली नाही. पिशवी माझ्या हातात दिली, बूट काढून सडकेच्या कडेला ठेवले आणि डेअरीकडं पळत गेली. मिस्टर खांद्यावरचा कॅन गाडीत चढवून मागं वळले, तोवर ती डेअरीच्या दारात पुढच्या कॅनचा एक कान धरून वाट बघत उभी होती.