धाकट्याच्या डोक्यावर उजवा हात

आमच्या घरी नव्या वर्षाच्या सकाळी आशीर्वाद असतो. उपासनेहून आलं की वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ओसरीवर खुर्चीत बसायचे. मी मोठा, म्हणून त्यांच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर. धाकटा भाऊ डाव्या बाजूला. आबा दोघांच्या डोक्यांवर एकाच वेळी हात ठेवून प्रार्थना करायचे. उजवा हात ज्याच्या डोक्यावर, तो घराचा पुढचा माणूस. जेवणाआधीची प्रार्थना त्याची, हंगामाच्या सणाला पहिला कापूस वेदीपाशी न्यायचा तो त्यानेच, आणि वडिलांच्या मागे नव्या वर्षाचा आशीर्वाद द्यायचा तोही त्यानेच. जमिनीशी याचा काही संबंध नाही. जमीन आमच्यात भांडणाशिवाय अर्धी अर्धी झाली. आमच्या गावातल्या, धरणगावातल्या, काहींना वाटतं, मी जमिनीसाठी कुढतो आहे. तसं असतं तर निदान तलाठ्याकडे जाता आलं असतं.

गेल्या नव्या वर्षाला आबांनी हात उचलले आणि कात्रीसारखे एकमेकांवरून नेले. उजवा धाकट्याच्या डोक्यावर, डावा माझ्या. तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, त्यामुळे आमच्या आत्याला, सगळ्या गावाच्या अक्काला, वाटलं की त्यांना दिसत नाही.

"भाऊ, तो धाकला शे. मोठा आठे शे," ती म्हणाली आणि त्यांचं मनगट धरून उजवा हात माझ्या डोक्यावर आणून ठेवला.

आबांनी तो परत उचलला. "मन्ही नजर गई, अक्कल नही गई," ते म्हणाले आणि हात पुन्हा धाकट्याच्या डोक्यावर नेला.

धाकट्याला हसू आलं, मग अक्कालाही. माझी मान खाली होती, म्हणून माझा चेहरा कोणाला दिसला नाही.

धाकटा पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. दुकान बसस्टँडजवळ आहे. नाताळ आणि ईस्टर सोडले तर तो चर्चमध्ये दिसत नाही, आणि दिसला तरी प्रार्थनेत त्याचे डोळे उघडे असतात. मी धुळ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. दर शनिवारी एसटीने गावी यायचो, आबांना शास्त्र वाचून दाखवायचो, रविवारी मंडळीतल्या मुलांना शिकवायचो. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही. मला फक्त हिशेब लागत नाही.

आबांना विचारायला आठ महिने होते. मी विचारलं नाही. उत्पत्तीचं पुस्तक वाचत वाचत आम्ही म्हाताऱ्या याकोबाच्या त्या अध्यायापाशी आलो, जिथे तो नातवांना आशीर्वाद देताना हात ओलांडतो आणि उजवा हात धाकट्या एफ्राइमाच्या डोक्यावर ठेवतो. मी तो सगळा वाचला, नेहमीपेक्षा सावकाश. संपवून वर पाहिलं तर आबा झोपले होते. झोपले होते की तसं दाखवत होते, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पाऊस सरता सरता ते गेले.

मूठमातीनंतर घरी जेवायला बसलो. ताटं वाढलेली, सगळे धाकट्याकडे बघत होते. तो म्हणाला, "प्रभू, जेवण दिलं, आभार. आमेन." आणि भाकरी मोडली.

"इतलीच?" अक्का म्हणाली.

"बठ्ठास्ले भूक लागनी शे, अक्का." सगळ्यांना लागली होतीच.

आबांची प्रार्थना वरण निवेपर्यंत चालायची. मला तेव्हा त्या थंड वरणाची फार आठवण आली.

मग सांत्वन सुरू झालं. ज्याने त्याने मला याकोबाची गोष्ट सांगितली. मी ती मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवलेली होती. देवाची निवड माणसासारखी नसते, म्हणाले. थोरल्याला सोडून धाकट्याला घेणं ही त्याची रीतच आहे, म्हणाले. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण वाचताना प्रत्येक जण स्वतःला धाकटा समजतो. थोरला मनश्शे त्या दिवशी उठून कुठे गेला, संध्याकाळी भावाशी काय बोलला, हे शास्त्रात नाही आणि मंडळीत कोणी विचारत नाही. पाळकसाहेब म्हणाले, "डावा हातही बापाचाच असतो." वाक्य चांगलं होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला.

देवावर विश्वास ठेवायचा, हे मला मान्य आहे. पण आबांनी देवाचं ऐकून हात फिरवला, की धाकटा घसरेल या काळजीने, की माझं काहीतरी त्यांना खटकत होतं म्हणून? यातलं एक जरी कळलं असतं तरी मी ते गिळलं असतं. न कळलेलं गिळता येत नाही.

या वर्षी नव्या वर्षाची सकाळ आली. आबांची खुर्ची ओसरीवर होती. धाकटा तिच्यामागे उभा राहिला, बसेना.

"भाऊ, तू बस ना," तो मला म्हणाला. "मी तुना डोकावर हात ठेवू? लोके हासतीन."

"कोन लोके?" अक्का म्हणाली. "आठे मी शे नि कोंबड्या शेतीस."

तो मनापासून सांगत होता. खुर्ची त्याने माझ्याकडे थोडी सरकवलीही. वर्षभर मला जे हवं होतं ते एका पावलावर होतं आणि ते घेतलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. अक्कासुद्धा नाही. पण ते धाकट्याने दिलेलं असतं. आबांनी ते मला दिलं नव्हतं, आणि खुर्चीत बसून ते बदलणार नव्हतं.

"बस," मी त्याला म्हणालो. आवाज हवा तेवढा मऊ आला नाही.

तो बसला. मी गुडघ्यांवर आलो. धाकट्या भावापुढे असं बसलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. त्याचा हात डोक्यावर आला. जड होता.

"प्रभू," तो म्हणाला, "हाऊ मन्हा मोठा भाऊ शे." आणि अडला.

पुढचे शब्द मला येत होते. आबांचे सगळे शब्द मला येतात. मी ते पुरवले नाहीत. राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो तिथेच होता, त्या हाताखाली, माझ्यासकट. धाकट्याला आणखी काही सुचलं नाही. हात कधी काढायचा हेही त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.