आईचा मंगळवार

आमच्या आईला जन्मतारीख नाही. शाळेत घालताना मास्तरांनी जुलैची पहिली तारीख ठोकून दिली. झाशीत तिच्या वयाच्या निम्म्या बायका त्याच दिवशी जन्मल्यात म्हणा ना. खरं म्हणून तिच्याजवळ एवढंच होतं: पौष वद्य पंचमी, मंगळवार. हे तिला माझ्या आजीनं सांगितलेलं. आजोबा रेल्वेच्या नोकरीनं साताऱ्याकडून इकडे आले, ओरछा गेटजवळ भाड्यानं राहिले, तिथंच आई जन्मली. ती पुरती कळती होण्याआधीच आजी गेली. मागे फोटोसुद्धा राहिला नाही.

राहिला तो मंगळवार. आई त्या दिवशी उपास करते, नवी साडी त्याच दिवशी नेसते, आणि बाबांशी वाजलं की बजावते, मंगळवारची आहे मी.

यंदाच्या थंडीत मी तिची तारीख शोधायला बसले. प्रोग्रामिंगवर माझं पोट चालतं, पण त्यातलं जे मला आवडतं त्याचे पैसे कुणी देत नाही. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी झाली. एवढं समजलं की गणित उलटं चालवून हवं तितकं मागे जाता येतं. ऑफिसचं काम आटोपलं की प्रेम नगरच्या आमच्या घरात धुकं दाराशी आलेलं असायचं. पायांवर रजई घेऊन मी चंद्राला मागे मागे नेत होते, माझ्या जन्माच्या पलीकडे, आईच्या लग्नाच्या पलीकडे. आपण जागे आहोत की नाही, हेही कळेनासं व्हायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

तिच्या वर्षातली पौष वद्य पंचमी सापडली. वार निघाला गुरुवार.

ओळखीच्या तिथ्या घालून पाहिल्या, सगळ्या बरोबर. वर्ष मागेपुढे केलं, तरी मंगळवार येईना. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आईला सांगून टाकलं. ती मटार सोलत होती. तुझं मशीन काही पण बोलतं, म्हणाली आणि उठून गेली. पुढच्या मंगळवारी सकाळी तिनं सगळ्यांबरोबर पोहे खाल्ले.

माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे काढत होते. शेजारच्या चाची सुनेला सांगत होत्या, "लो, फागुन लग गओ." दरवर्षी ऐकते. आमच्या मराठी कॅलेंडरात माघ अजून पंधरा दिवस असतो, आणि इथल्या लोकांना भारी घाई म्हणून आम्ही लहानपणी हसायचो. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणजे वद्य पक्षात नाव त्यांचं एक महिना पुढे. कपडे तसेच टाकून मी खाली धावले. त्यांचा पौष, तो आपला मार्गशीर्ष. महिनाभर मागे गेले.

मंगळवार!

आईला समोर बसवून समजावलं. आजीनं सांगितलेलं सगळं बरोबर होतं, फक्त महिना इथल्या बायकांच्या तोंडचा होता. आईनं दोनदा वदवून घेतलं. डोळे पुसले, हसली. माझा जीव भांड्यात पडला.

मग ती उठून खिडकीशी गेली. आजी पहिलटकरीण, माहेरी गेली नाही, तेव्हा बाळंतपणाला साताऱ्याहून कुणीतरी आलंच असेल, असं आमच्याकडे सगळे धरून चालायचे.

"आपल्यातली एक जरी बाई जवळ असती," आई म्हणाली, "तर तिनं मार्गशीर्ष सांगितला असता."

तिनं खिडकी ओढून घेतली.

"एकटीच होती गं ती."