आबांचा अंगठा आणि माझा ब्रेक

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाडी एकट्यानं चालवायची होती. बस, एवढंच. त्यांना हायवेला जायचं नव्हतं की गावाला जायचं नव्हतं. सचिन गावातल्या आमच्या सोसायटीत घरापासून गेटपर्यंत जायचं, गेटजवळच्या डेअरीतून दुधाची पिशवी घ्यायची आणि परत यायचं. शेजारच्या सीटवर मी नको. हे ‘तू नको’ ते माझ्या तोंडावर सांगायचे आणि माझं डोकं फिरायचं. अहो, ती गाडी मी जोडली होती!

गाडी शोरूममधली नव्हती. लाकडी खोक्यांतून सुटी आली होती. सांगाडा, फायबरची बॉडी, चाकं, मोटर, बॅटऱ्या आणि वर एक जाड पुस्तक. घरी जोडून घ्यायची. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला शिकवते, तेव्हा एवढं मला आलंच पाहिजे हे आबांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. आणि आलंही मला, का नाही येणार? किती रविवार गेले मोजले नाहीत, पण शेवटी जुन्या जीपसारखी दिसणारी, दोन सीटची एक बुटकी गाडी दारात उभी राहिली. तिला नंबर नव्हता, म्हणून गेटबाहेर काढायची नाही असं मी आबांकडून तीनदा वदवून घेतलं.

बॅटरीवरचीच हवी होती, कारण तिला गिअर नसतात. आबांच्या डाव्या हाताला अंगठा नाही. मी लहान होते तेव्हा आम्ही लिंबायतला राहायचो आणि आबा लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांच्या कारखान्यात, कामाला होते. अंगठा तिथं गेला. ‘अंगठा लूममध्ये गेला’ हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय की त्यापुढं काही विचारायचं असतं हे कुणाला सुचलंच नाही. स्टिअरिंग ते तळव्यानं दाबून मस्त वळवतात. पण हँडब्रेकच्या दांड्याला टोकाशी बटन असतं आणि ते अंगठ्यानं दाबल्याशिवाय ब्रेक सुटत नाही. गिअर नसलेली गाडी बंद केली की तिला उतारावर फक्त हँडब्रेक धरून ठेवतो. आणि आमचं दार नेमकं उतारावर. पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून इथं सगळ्यांनी जोती उंच घेतलीत, दारापासून गल्लीपर्यंत फरशीचा उतार काढलाय. गाडी तिथंच उभी राहायची.

म्हणून शेजारी मी. आबा गाडी चालवणार, मी दांडा ओढणार. समोरचे गुजराती काका त्यांच्या झोपाळ्यावरून रोज ओरडायचे, “मास्तर, कंडक्टरने लीधा वगर ना जता हं!” कंडक्टरला घेतल्याशिवाय जाऊ नका; कंडक्टर म्हणजे मी. आबा खात्यातून मास्तर होऊन निवृत्त झाले, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणते. ते काकांकडं बघून हसायचे, आणि घरात आल्यावर चहा अर्धा सोडायचे.

“मी एकलाच जासू,” एक दिवस त्यांनी सांगून टाकलं. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. “तू जमाड नहीतं इकी टाक.”

जमव, नाहीतर विकून टाक! मी तणतणत उठले, दोन दिवस बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक मागवला. त्यात दांडा नसतो. एक छोटी मोटर असते, ती ब्रेकची तार ओढून धरते. आपण फक्त बटन दाबायचं. सोबत एक काळी डबी येते, कधी ओढायचं आणि कधी सोडायचं हे तिला कळतं. बटनं मी लूमच्या स्टार्टरसारखी मोठी घेतली. लाल दाबलं की ब्रेक लागणार, हिरवं दाबलं की सुटणार. दोन्ही स्टिअरिंगच्या उजवीकडं, म्हणजे उजव्या हाताला.

बसवताना आबा रविवारभर स्टूल टाकून बसले होते. त्यांनी लाल बटन वीसेक वेळा तरी दाबलं असेल. मोटर घुंईऽऽ करायची आणि ते मान डोलवायचे. संध्याकाळी ते एकटे गेटपर्यंत गेले, दूध घेऊन आले, गाडी उलटी घेऊन उतारावर चढवली, तोंड गल्लीकडं. लाल बटन दाबून उतरले आणि काकांच्या झोपाळ्याकडं बघत बघत, सावकाश, घरात आले. त्या दिवशी चहा पूर्ण प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. बाहेर धाडकन आवाज झाला आणि माय किंचाळली.

धावत गेले तर गाडी उतारावरून सुटून गल्ली ओलांडून काकांच्या ओट्याला धडकलेली. बॉनेट उघडंच. आबा गल्लीत कुशीवर पडलेले, एक चप्पल चाकाखाली. आणि मी काय केलं? लागलं का, कुठं लागलं, हे विचारायच्या आधी मी बॉनेटमध्ये डोकावले. बॅटरीची काळी वायर टर्मिनलवर नुसती बसवलेली, नट आवळलेला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“वायर कोणी काढली होती?”

आबा उठून बसत होते. “मी. राती.”

“का? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? प्रत्येक गोष्टीला हात लावलाच पाहिजे का? एक वस्तू धड चालू देऊ नका! चाकाखाली आला असतात तर?”

खरं तर मला सगळं माहीत होतं. आबा कुठलंच यंत्र रात्री जोडलेलं ठेवत नाहीत. जेवण झालं की घरभर फिरून टीव्हीचा, मिक्सरचा, मोबाईलच्या चार्जरचा प्लग काढतात. आम्ही गावाला निघालो की मेन स्विच पाडतात, मग फ्रिजमधलं नासलं तरी चालेल. लूमवाली सगळी माणसं अशीच, पाळी संपली की मेन पाडल्याशिवाय खात्याबाहेर पडत नाहीत. या सवयीवरून मी त्यांची आयुष्यभर टर उडवली होती. तेव्हा गाडीच्या बॅटरीची वायर ते काढणार हे मला कळायला नको होतं?

आणि डबीच्या कागदावर छापलेलं होतं. मी वाचलं होतं. करंट जाऊन परत आला की डबी मोटर एकदा मुळाशी नेऊन आणते, आपण कुठं आहोत ते बघायला. मुळाशी म्हणजे ब्रेक सुटलेला. मी म्हटलं, गाडीचा करंट कशाला जातोय? रात्री वायर काढली तेव्हा काहीच झालं नाही, तार ओढलेली तशीच राहिली. सकाळी आबा उतारावर गाडीच्या पुढ्यात उभे राहिले, वायर लावली, आणि डबीनं आपला मूळ शोधायला ब्रेक सोडून दिला. आबा बाजूला कलंडले म्हणून वाचले.

पण हे सगळं मला तिथं उभं असताना सुचत नव्हतं. मी ओरडतच होते. काकांनी आबांना धरून आमच्या पायरीवर आणून बसवलं. नडगी सोलवटून निघाली होती. माय पाणी ओतत होती आणि रडत रडत म्हणत होती, भंगारवाल्याले द्या ती अवदसा. मी म्हटलं, द्या, द्या, मलाही एकदाची सुट्टी मिळू दे. आबा कुणाकडंच बघत नव्हते. मग त्यांनी डावा हात वर केला, माझ्या तोंडासमोर धरला.

“हाई कसं गयं, तुले माहीत शे का?”

“लूममध्ये.”

“लाईट गयी व्हती. कोणी मेन पाडी नही. मी तुटेल धागा काढाले हात घाला. मंग लाईट उनी.”

एवढंच बोलले. लाईट गेली होती, मेन कोणी पाडली नाही, तुटलेला धागा काढायला यांनी बंद लूममध्ये हात घातला, आणि लाईट आली. तेव्हाच्या लूमला नुसता खटका असायचा, तो आपोआप सुरू झाला. चाळीशी उलटेपर्यंत मी या माणसाच्या घरात जेवले आणि हे मला माहीत नव्हतं.

मला तेव्हा कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. कारण मी दर वर्षी फळ्यावर काय काढते? मोटरचा स्टार्टर. त्यात एक कॉइल असते. लाईट गेली की ती सोडते, आणि लाईट परत आली तरी मोटर सुरू होत नाही. माणसानं हिरवं बटन दाबलं तरच. फळ्यावर खडू आपटून आपटून मी सांगते, अरे गाढवांनो, लाईट आली म्हणून मशीन हललं नाही पाहिजे, तिथं कुणाचा तरी हात असतो! परीक्षेत हा प्रश्न मी हमखास टाकते. आणि घरी स्वतःच्या बापाला, ज्याचा हात त्यातच गेला त्याला, मी काय बसवून दिलं? लाईट आली की आपोआप हलणारं मशीन. अक्कल कुठं गहाण ठेवली होती मी?

माफी मला मागता येत नाही. हा माझा जुना रोग आहे. मी आत गेले, करपलेल्या पोळीचा तवा मोरीत आदळला, त्या दिवशी कामावर गेले नाही आणि ती काळी डबी काढून फेकून दिली. नव्यानं वायरिंग केलं, अगदी बिनडोक, जुन्या पद्धतीचं. साधे रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारे खटके. आता करंट जाऊ दे, येऊ दे, दहा वेळा जाऊ दे, ब्रेक जिथं होता तिथंच राहणार. पाय ब्रेकच्या पेडलवर आणि बोट हिरव्या बटनावर, दोन्ही असल्याशिवाय सुटणार नाही. बंपर सरळ केला. काकांच्या ओट्याची फुटलेली कड सिमेंट कालवून मीच लिंपली. काका त्या दिवसापासून कंडक्टरचं काही बोलले नाहीत, ते मला जास्तच झोंबलं.

आबा गाडीकडं फिरकले नाहीत. दूध आणायला पायी जायचे, लंगडत, मुद्दाम गाडीच्या बाजूनं. मी म्हणायचे, झालंय नीट, बसून बघा. ते म्हणायचे, बघू. असं पंधरा दिवस चाललं. माझा पारा रोज चढायचा, आणि कुणावर काढणार? चूक माझी होती.

मग एका रविवारी ते आपणहून बाहेर आले. गाडी उतारावर उभी होती, तोंड गल्लीकडं. त्यांनी बॉनेट उघडलं, बाजूला उभे राहिले, पान्यानं काळी वायर सोडवून हातात धरली. मी पायरीवर होते.

“आते लाईट गयी. उनी ते?”

“काही होणार नाही.”

“मंग तू म्होरे उभी ऱ्हाय.”

माय आतून ओरडली, “येडा व्हयनात का तुम्ही?” आबांनी तिकडं लक्ष दिलं नाही. माझ्याकडं बघत राहिले. मला इतका राग आला की कानशिलं तापली. मी रागातच उतरले आणि जाऊन गाडीच्या पुढं उभी राहिले, बंपर नडगीला टेकेल इतकी जवळ. बघू दे म्हटलं. समोर काकांचा झोपाळा थांबला. वायरिंग मी शंभर वेळा तपासलं होतं, तरी माझी नजर त्यांच्या हातातल्या वायरवरच होती. रोज सकाळी ते असेच इथं उभे राहणार होते.

आबांनी वायर लावली. ठिणगी उडाली. गाडी हलली नाही.

त्यांनी वायर काढली, परत लावली. परत काढली, परत लावली. चौथ्यांदा लावून नट आवळला आणि बॉनेट खाली आपटलं. मी तिथंच उभी. आता काहीतरी बोलतील असं वाटलं. ते सीटवर चढले, चष्मा पुसला, शेजारच्या सीटवर ठेवलेली माझी ओढणी उचलून खिडकीतून माझ्याकडं फेकली, आणि मी वाटेत होते म्हणून दोनदा हॉर्न वाजवला.

“सरक ना व!”

मी सरकले. हिरवं बटन दाबल्याचा टक आवाज आला, मोटरनं घुंई केलं, आणि आबा दूध आणायला गेले.