दार उघडेपर्यंत

कल्पना करा, तुमच्या कानाला फोन आहे आणि पलीकडे एक अनोळखी माणूस बंद लिफ्टमध्ये अडकलाय. दोन मजल्यांच्या मधोमध. पंखा थांबलाय, माणसाला दरदरून घाम फुटलाय आणि तो दाराच्या फटीत बोटं घालून जोर लावतोय. मेकॅनिक निघालाय, पण अजून रस्त्यात आहे. तोवर तुमच्या हातात फक्त तुमचा आवाज. त्या आवाजाने त्याची बोटं फटीतून काढायची, त्याला खाली बसवायचं आणि "ही खाली कोसळली तर?" हा विचार त्याच्या डोक्यातून हाकलत राहायचा. काय बोलाल?

बहुतेकांच्या तोंडून पहिल्यांदा निघतं, "घाबरू नका." लिफ्ट कंपनीच्या मदत कक्षात असेच फोन घेणाऱ्या वहिनींचं म्हणणं असं, की घाबरू नका म्हटलं की न घाबरलेला माणूसही घाबरतो. त्या विचारायच्या, "आज डब्यात काय होतं?" पलीकडचा आधी चिडायचा. मग आठवायला लागायचा. आठवता आठवता त्याचा श्वास जागेवर यायचा, आणि भाजीत मीठ कमी होतं इथपर्यंत गाडी आली की वहिनी ओळखायच्या, आता हा तरला.

लिफ्ट बनवणाऱ्या त्या अवाढव्य कंपनीत सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे. त्यांचा नवरा तिथेच मेकॅनिक. फिरतीवरच्या मेकॅनिक मंडळींनी पहिल्याच दिवशी नातं लावून टाकलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. मदत कक्षात एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती पण मोडायची कुणाची छाती नव्हती: दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही. मेकॅनिकने दार सरकवून आत डोकं घालायचं आणि "वहिनी, झालं!" असं ओरडायचं, मगच लाइन बंद. वहिनींचा नवरासुद्धा ड्यूटीवर असला की अगदी असंच ओरडायचा. स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणतो म्हणून दोस्त त्याला चिडवायचे. तो म्हणायचा, "रीत म्हणजे रीत."

मग कोच आला.

तसा तो त्या विभागाचा साहेबच होता. पण आल्या आल्या त्याने जाहीर केलं, "मी तुमचा साहेब नाही, मी तुमचा कोच." भिंती पाडल्या, खुर्च्यांच्या जागी रंगीबेरंगी गुबगुबीत गाद्या आल्या, आणि एकमेकांना नावानेच हाक मारायची असा फतवा निघाला. "नाती घरी ठेवू या. इथे आपण सगळे एक टीम." वहिनींच्या गळ्यात त्यांच्या नावाची पट्टी आली. पुढचे कितीतरी दिवस मेकॅनिकचे फोन येत राहिले, "अहो, ही कोण नवीन बाई आलीय? आमच्या वहिनी कुठे गेल्या?"

पाठोपाठ नवी यंत्रणा आली. एका कॉलला चार मिनिटं. ठरलेलं वाक्य वाचायचं, मेकॅनिक निघालाय हे सांगायचं, फोन ठेवायचा. जास्त बोललात तर पडद्यावर लाल पट्टी. मधे शांतता पडली तर आणखी लाल. झटपट आटपलंत तर तारे. वहिनींचा पडदा रोज जखम झाल्यासारखा लालभडक असायचा.

त्याच सुमारास पाळीप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली. कक्षातल्या एकूण एक माणसाला काम वहिनींनी शिकवलेलं, त्यामुळे कुणालाच शंका नव्हती. खुद्द कोच चहाच्या यंत्रापाशी म्हणाला होता, "ही खुर्ची तुमचीच समजा." वहिनींनी समजली. घरी सांगून मोकळ्या झाल्या.

मग वरच्या मजल्यावर, बंद दाराआड, बैठक झाली. खुर्ची पोपटला मिळाली. पोपट म्हणजे वहिनींच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. ठरलेली वाक्यं तो इतकी गोड वाचायचा की यंत्रणेला गुदगुल्या व्हाव्यात. वहिनींना आलेल्या पत्रात सगळ्या गोडगोड मजकुराच्या तळाशी तीन शब्द होते: "अजून तयारी नाही."

वहिनी तडक कोचकडे गेल्या. "कशाची तयारी नाही?"

"मस्त प्रश्न!" कोच म्हणाला. "यावर आपण नक्की बोलू. मी वेळ पाठवतो."

वेळ आली. मग ती पुढच्या आठवड्यावर गेली. मग त्याच्या पुढच्या. मग आलीच नाही.

इतकी वर्षं दुसऱ्यांची भीती उतरवणाऱ्या वहिनींच्या अंगात आता वेगळंच काहीतरी चढलं. त्या कपडे पिळायच्या ते कोचची मान पिळल्यासारख्या. कांदा चिरायच्या तर पाट हादरायचा.

"अगं, सोड ना," नवरा म्हणाला.

"सोडू? तोंडावर हसून माझ्या तोंडाला पानं पुसली त्याने. एकदा, फक्त एकदा त्या माणसाला लिफ्टमध्ये अडकू दे. चार मिनिटांत फोन ठेवते की नाही बघा."

"आमच्या लिफ्ट अडकत नसतात."

"मग मला पगार काय गाणी म्हणायचा मिळतो?"

आणि झालं असं, की कोचनेच त्यांची इच्छा पुरी केली. खर्च वाचवायचा म्हणून त्याने कंपनीच्या स्वतःच्या इमारतीतल्या लिफ्टच्या तपासण्या लांबवल्या होत्या. गिऱ्हाइकाची लिफ्ट आधी, घरची मग. लिफ्टचं एक आहे: एखाद्या मजल्यावरच्या दाराचं लॉक जरासं जरी हललं, तरी केबिन असेल तिथे थांबते. सुरक्षेसाठीच तसं केलेलं असतं. तपासणी चुकली, लॉक सैल झालं, आणि ज्या सकाळी कोच नवा कोट घालून स्वतःच्याच बढतीच्या मुलाखतीला वर निघाला, त्याच सकाळी केबिन मधेच उभी राहिली.

वहिनींच्या पडद्यावर दिवा लागला: मुख्य इमारत.

"हॅलो! हॅलो! कोण बोलतंय?"

कोचचा आवाज वहिनींनी लगेच ओळखला. त्यांनी पाठ ताठ केली आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरलेलं वाक्य मनापासून वाचलं. "नमस्कार. आपली सुरक्षितता हीच आमची पहिली जबाबदारी. कृपया आपलं नाव सांगाल का?"

"अहो, मी आहे! मी!"

"मी म्हणजे कोण? नाव सांगा. आपण एकमेकांना नावानेच हाक मारतो."

त्याने दातओठ खात नाव सांगितलं.

"आत किती जण?"

"दोघं. मी आणि ह्या... ह्या सफाईच्या..."

"त्यांचं नाव?"

"नाव... अहो, त्या रोज येतात ना, त्या."

"टीममधल्याच असतील ना?" वहिनींनी मऊ आवाजात विचारलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी तोंडावर हात धरून वळली. हळूहळू गुबगुबीत गाद्या वहिनींच्या दिशेने सरकू लागल्या. पोपटसुद्धा येऊन उभा राहिला.

तेवढ्यात मागून चिरका आवाज आला. "वहिनी? वहिनी, तुम्हीच ना हो? मला इथून काढा! माझा जीव चाललाय!"

सफाईवाल्या मावशी. बादली आपटल्याचा आवाज, मग पाणी, मग मावशींचा धापा टाकणारा श्वास. वहिनींचा बेत तिथेच फिसकटला. चार मिनिटांनी फोन ठेवण्याचं सुख कोचच्या बाबतीत होतं. मावशींच्या बाबतीत ते पाप झालं असतं.

"मावशींना खाली बसवा," त्या कोचला म्हणाल्या.

"खाली सगळं पाणी आहे."

"मग तुमचा कोट काढा आणि अंथरा."

"अहो, मला मुलाखतीला..."

"अंथरा."

कापडाची सळसळ ऐकू आली. मग मावशी त्यावर पचकन बसल्याचा आवाज. वहिनींनी डोळे मिटून तो आवाज शांतपणे चाखला.

"आता माझी चार मिनिटं होत आली," त्या म्हणाल्या. "मेकॅनिक निघालाय. नियमाप्रमाणे मी थांबते. मावशींशी तुम्ही बोलत राहा."

"ठेवू नका! मी काय बोलू?"

"तुम्ही कोच आहात."

आणि त्यांनी आपला आवाज बंद केला. फोन मात्र ठेवला नाही. रीत म्हणजे रीत. मावशींचा श्वास जरा जरी अडखळला असता तर त्या परत बोलल्या असत्या. पडद्यावर शांततेची लाल पट्टी वाढत चालली आणि अख्खा कक्ष आपापल्या हेडफोनवर तीच लाइन लावून कानात प्राण आणून ऐकत राहिला.

"घाबरू नका," कोच म्हणाला.

मावशींनी गळा काढला.

"हे बघा, प्रत्येक अडचण ही एक संधी असते."

"संधी? कसली संधी रे, मेल्या?"

कक्षात कुणीतरी फिस्सकन हसलं. कोच मग श्वासावर बोलला, सकारात्मक विचारांवर बोलला, डोळ्यांसमोर समुद्र आणायला सांगू लागला. मावशी म्हणाल्या, "मला पोहता येत नाही." पण चिडता चिडता त्यांची धाप उतरत होती. वहिनींना ते कळत होतं. राग हा काही वाईट आधार नसतो, स्वतःवरून त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"एक विचारू?" मावशी शेवटी म्हणाल्या. "आमच्या वहिनींना वर का नाही घेतलं?"

वहिनींनी दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबला.

"ते जरा गुंतागुंतीचं आहे."

"मग सांगा की सावकाश. मला कुठं जायचंय?"

मग कोचचा आवाज आला, पहिल्यांदाच माणसासारखा. "खरं सांगायचं तर, त्या दिवशी त्या खोलीत..."

खर्रर्र. धाड. दार सरकलं.

"वहिनी, झालं!"

आवाज नवऱ्याचा होता.

त्या संध्याकाळी घरात भांडी जरा जोरातच आपटली. "लग्नाला उशिरा आलात. पोरीच्या बारशाला उशिरा आलात. आणि आजच वेळेवर यायचं सुचलं?"

"अगं, मी खालीच सुटे भाग घ्यायला आलो होतो. माणसं अडकलेली असताना काय करू?"

"जिन्यात दोन मिनिटं दम खायचा होता! तुमच्या गुडघ्यांना एरवी लागतो तो!"

नवऱ्याने ताटात आणखी भात वाढून घेतला.

खरा संताप पुढेच होता. ओला कोट घेऊन कोच मुलाखतीला गेला आणि तिथे त्याने तोच प्रसंग सांगितला. घाबरलेल्या कर्मचारी बाईला आपण एकट्याने, निव्वळ संवादाच्या बळावर, कसं सावरलं. ऐकणारे भारावले. बढती पक्की झाली. वहिनींना त्या कॉलबद्दल लाल शेरा आला: वेळ जास्त, शांतता फार.

वहिनी तो शेरा वाचून हसल्या. ते हसू बघून शेजारची मुलगी म्हणाली, "वहिनी, काय चाललंय तुमच्या डोक्यात?"

कोचनेच आणलेली एक पद्धत होती. दर महिन्याला सगळ्यांनी मत द्यायचं आणि निवडून आलेला "आदर्श कॉल" सगळ्यांसमोर वाजवायचा. आजवर पोपटचेच कॉल यायचे, कारण दुसरं कुणी भाग घेत नसे. त्या महिन्यात वहिनींनी स्वतःचा कॉल पुढे केला. कक्षाने मत दिलं. फिरतीवरच्या मेकॅनिक मंडळींनी जिन्यांत, गच्च्यांवर, मशीनरूममध्ये बसून मत दिलं. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा त्या यंत्रणेत नाव घातलं आणि मत दिलं. पोपटनेही दिलं, कुणाला सांगू नका म्हणाला.

सभा भरली. कोचची बढती जाहीर व्हायची म्हणून वरच्या मजल्यावरची बडी मंडळी खास उतरली होती. कोचने कॉल कुठला ते न बघताच बटण दाबलं.

"नमस्कार. आपली सुरक्षितता..."

त्याचा हात बटणावरच राहिला. बडी मंडळी पुढे वाकून ऐकत होती, त्यामुळे बंद करायची सोय नव्हती. नाव न माहीत असलेल्या मावशी, ओला कोट, "ठेवू नका, मी काय बोलू?", समुद्र, सगळं त्या मोठ्या खोलीत एकेक करून उतरलं. "कसली संधी रे, मेल्या?" या वाक्यावर मागच्या रांगेतले मेकॅनिक टाळ्या वाजवून मोकळे झाले. बड्या मंडळींपैकी एकाने कोचकडे वळून बघितलं आणि मग बराच वेळ बघतच राहिला. कोचचे कान वहिनींच्या पडद्यासारखे लाल झाले होते. वहिनींना त्या रंगात पहिल्यांदाच काही दोष दिसेना.

"त्या दिवशी त्या खोलीत..." खर्रर्र. धाड. "वहिनी, झालं!"

हशा ओसरला. कोचने घसा साफ केला, आणि सवयीने, निव्वळ सवयीने, त्याच्या तोंडून गेलं, "काही शंका?"

वहिनी उठल्या. गळ्यातली नावाची पट्टी नीट केली.

"एकच. तुमचं वाक्य अर्धं राहिलं. आता दार बंद आहे, मेकॅनिक सगळे इथेच बसलेत, कुणी मधे येणार नाही. माझी तयारी नाही म्हणालात ना त्या खोलीत. ती कशाची?"